नायिकेला आधी बूट बदलायला सांगा

अंबाजोगाईच्या एका तरुण लेखकाने विचारलं आहे: "पोलिसांच्या पाळतीवर थ्रिलर लिहितोय. लातूरच्या आडत बाजारातल्या व्यापाऱ्यांची रोकड लुटणारी टोळी आहे, तिचा अड्डा उदगीरच्या पलीकडे, कर्नाटक सीमेलगतच्या गावात. नायिका नुकतीच भरती झालेली पीएसआय (फौजदार). एलसीबीत, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेत, पहिल्याच दिवशी तिला पाळतीच्या पथकात घेतात. व्हॅनमध्ये हेडफोन लावून ती टोळीचे फोन ऐकते. शेवटी पाठलाग आणि अटक. मसुदा सोबत पाठवलाय. हे खरं वाटेल का? शेवट अटकेवरच करू का? प्रत्यक्षात पाळत कशी चालते?"

व्हॅन काढून टाका, तिथूनच सुरुवात करू. काळ्या काचांची गाडी देवणीकडच्या एखाद्या गावात उभी करून बघा. दहा मिनिटांत पोरं काचेला नाक लावून आत बघतील, तासाभरात कुणीतरी पोलीस पाटलाला फोन करील आणि दिवस मावळेपर्यंत पारावर त्या गाडीच्या तीन वेगवेगळ्या कथा तयार होतील. आपल्याकडं गाडी आली की माणसं आधी नंबर वाचतात. एमएच 24 म्हणजे घरचीच, 26 म्हणजे नांदेडचा पाहुणा, 12 दिसला की "पुण्याचं कोण आलंय" म्हणून चौकशी सुरू. मी नोकरीचा मोठा काळ स्थानिक गुन्हे शाखेत काढला. गावात पाळतीला जायची ती जुनी स्प्लेंडर, मागं कडब्याची पेंढी नाहीतर दुधाची कॅन बांधून. सरकारी बोलेरो पाच-सहा किलोमीटर मागं, पेट्रोल पंपाच्या आडोशाला.

आता फोन ऐकण्याचं. फौजदारच काय, जिल्ह्याचे एसपीसुद्धा स्वतःच्या मर्जीने कुणाचं बोलणं ऐकू शकत नाहीत. पूर्वी त्यासाठी 1885 चा टेलिग्राफ कायदा होता, आता 2023 चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे डिसेंबर 2024 चे नियम आहेत. राज्यात परवानगी द्यायची ती गृह विभागाच्या सचिवांनी. अगदीच तातडी असेल तर किमान आयजी (पोलीस महानिरीक्षक) दर्जाचा अधिकारी आदेश देतो, पण 7 कामकाजाच्या दिवसांत वरून तो कायम झाला नाही तर ऐकणं बंद. आदेश 60 दिवसांचा, मुदत वाढवत नेली तरी 180 दिवसांच्या पुढं नाही. टोळीवर मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, लावला तर वेगळी तरतूद आहे, पण मोक्का लावायलाच डीआयजी (उपमहानिरीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. आणि हे सगळं डावलून ऐकलं तर? 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचेच्या प्रकरणात केंद्राने दिलेले फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले आणि झालेलं ध्वनिमुद्रण नष्ट करायला सांगितलं. तुमच्या नायिकेने परवानगीविना चोरून काही ऐकलं, तर तो तिच्या शौर्याचा प्रसंग होत नाही. खटल्याला तिथंच भोक पडतं. हे मुद्दाम लिहायचं असेल तर जरूर लिहा, कादंबरीला बळच येईल. फक्त नकळत लिहू नका.

एलसीबीच्या हातात रोज असतो तो सीडीआर. कुणी कुणाला फोन केला, कधी, किती सेकंद, कुठल्या टॉवरवरून, एवढंच. बोलणं नाही. तोही एसपी ऑफिसमधून रीतसर मागणी गेल्यावर येतो आणि येतो तो एक्सेलच्या हजारो ओळींचा. नवीन अधिकाऱ्याला पहिलं काम हेच देतात, कारण जुन्या जमादारांना त्या ओळी वाचायचा कंटाळा असतो. तुम्हाला हवा असलेला थरार त्या ओळींत आहे. एक माणूस रोज रात्री नवाच्या सुमारास एकाच नंबरला दीड-दोन मिनिटं बोलतो. घरीच बोलत असणार. लुटीच्या आदल्या दिवसापासून तो फोन बंद. चार दिवसांनी त्याच हँडसेटमध्ये नवं सिम पडतं, आयएमईआयवरून, म्हणजे हँडसेटच्या स्वतःच्या क्रमांकावरून, नवा नंबर बाहेर येतो आणि त्या नव्या नंबरवरून पहिला फोन जातो तो पुन्हा घरच्याच नंबरला, रात्री नवाला. सिम सगळे बदलतात, घरी फोन करायची वेळ कुणी बदलत नाही.

मात्र हल्लीचा जरा शहाणा गुन्हेगार साधा फोन करतच नाही, व्हॉट्सॲपवर बोलतो. मग सीडीआर कोरा. डेटा वापरल्याची नोंद दिसते, कुणाशी बोलला ते दिसत नाही. शिवाय 'लोकेशन' म्हणून पडद्यावर जो लाल ठिपका तुम्ही दाखवणार आहात, तो खेड्यात नसतो. शहरात टॉवर जवळजवळ असतात, तिथं निदान गल्ली-मोहल्ल्यापर्यंत पोचता येतं. देवणी-निलंगा भागात टॉवरचा एक सेक्टर कित्येक किलोमीटर पसरलेला. त्यात तीन-चार गावं, एखादा तांडा, वीटभट्ट्या आणि मधलं सगळं शिवार. सीमेवर आणखी एक गंमत होते. माणूस महाराष्ट्रात आपल्या घरी झोपलेला असतो आणि फोन पलीकडचा कर्नाटकातला टॉवर पकडतो. कागदावर तो बिदर जिल्ह्यात. "बिदरला पळाला" म्हणून पथक तिकडं धावतं आणि हा इकडं पारावर पत्ते खेळत असतो. तुमच्या कथेची जागा बघता हा धागा तुम्ही सोडू नये.

टॉवर डंपची मात्र आपल्याकडं सोय आहे. घटनेच्या वेळी त्या टॉवरवर कोणकोणते नंबर होते, ती यादी. लातूरच्या गंजगोलाईत दुपारी बाराची यादी काढली तर डोळे फिरतील. पण रात्री दोनला आडरानातल्या टॉवरवर मोजकेच नंबर जिवंत असतात. दोन घटनास्थळांच्या याद्या जुळवल्या आणि दोन्हींत एकच परका नंबर निघाला, की पथकाला दिशा मिळते.

इथपर्यंत सगळं काम खुर्चीत बसून झालं. टोळी कुठल्या चार गावांत आहे ते कळलं, कुठल्या घरात आहे ते नाही. ते बघायला माणूस जावा लागतो आणि तिथंच तुमच्या नव्या मुलीची गरज पडते. तुमच्या मसुद्यात पथक तिला घेतं ते ती हुशार आहे म्हणून. हुशारीचा इथं संबंध नाही. तिला घ्यायचं कारण एकच: तिचा चेहरा कुणाला माहीत नाही.

एलसीबीच्या माणसांचे चेहरे जिल्ह्याला पाठ असतात. त्याला जबाबदार आम्हीच. आरोपी पकडला की त्याला बुरखा घालून मधे बसवायचं, समोर टेबलावर मुद्देमाल मांडायचा आणि मागं अख्खं पथक ओळीनं उभं राहून फोटो. दुसऱ्या दिवशी तो पेपरात येतो, आता तर तासाभरात गावोगावच्या ग्रुपवर. आरोपीचं तोंड झाकलेलं आणि पोलिसांची उघडी! पाळतीला मग त्यातला कुणी कसा जाणार? म्हणून एलसीबीचे पीआय एसपींकडं जाऊन कुठल्या तरी ठाण्यातला नवा चेहरा काही दिवसांसाठी मागून घेतात.

यावरून तिच्या नेमणुकीचं गणितही बदला. पीएसआय एमपीएससीतून येते, नाशिकच्या पोलीस अकादमीत प्रशिक्षण घेते आणि मग परिविक्षाधीन म्हणून ठाण्याला लागते. तिथं स्टेशन डायरी, पंचनामे, समन्स-वॉरंट, बंदोबस्त. एलसीबी ही मागून मिळणारी जागा, तिच्यासाठी वशिले लागतात. पहिल्याच दिवशी थेट तिथं कुणाला टाकत नाहीत. तेव्हा तिला उदगीर नको, औसा किंवा रेणापूरच्या ठाण्यात ठेवा आणि तिथून तात्पुरती उचला. ती शिपाई असली तर माझ्या मते कथा आणखी घट्ट होईल. फौजदाराच्या खांद्यावरच्या स्टारला पथकातले जुने लोक निदान वरवर सलाम करतात. शिपाई मुलीला "पोरी, चहा सांग" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच डोळ्यांवर विसंबून राहतात.

एकदा ती गावात उतरली की घड्याळ सुरू. नवा चेहरा दोन दिवस टिकतो, फार तर तीन. तुम्ही पुढच्या लुटीची तारीख लावून ताण निर्माण केलाय. मी असतो तर तो ताण तिच्या अनोळखीपणावर टाकला असता, कारण तो दर तासाला खर्च होत असतो. हॉटेलवाल्यानं दुसऱ्यांदा चहा देताना साखर कमी-जास्त विचारली नाही, म्हणजे तो तिला ओळखायला लागला. आणि ओळखायला लागला की विचारणार.

काय विचारतील ते आधीच ठरवून जावं लागतं. आपल्या गावांत परक्याला "तुम्ही कोण" असं कुणी विचारत नाही. "कुणाकडं आलाव?" हा पहिला प्रश्न. त्याला नावासकट उत्तर नसेल तर खेळ संपला. नाव सांगितलं तर ते घर गावात असायला हवं आणि त्या घरी आज कुणीतरी पाहुणा येणं शक्य हवं. त्यातही बोली. नायिका कोकणातली किंवा नागपूरकडची दाखवली असेल तर "काय करायलाव" ऐकून तिला उत्तर सुचेपर्यंत समोरचा सावध झालेला असतो. उदगीर पट्ट्यात मराठीत कानडी मिसळते, दखनी मिसळते. जवळच्याच तालुक्यातली मुलगी घ्या.

वेशाबद्दल तुम्ही 'साधे कपडे' एवढंच लिहिलंय. कपडे साधे असतात हो, पण माणूस पोलीसच राहतो. आमच्या खात्याचे बूट तांबडे. साध्या वेशात जाताना अंगावर टी-शर्ट चढतो, जीन्स चढते आणि पायात तेच तांबडे बूट! बूट काढून चप्पल घातली तर घोट्यावर मोज्याची गोरी पट्टी दिसते. कपाळावर टोपीची रेघ, वर उन्हानं वेगळा आणि खाली वेगळा रंग. पुरुषांचे मानेवर बारीक कापलेले केस. उभं राहायची पद्धत तर सगळ्यात वाईट. सहा-नऊ महिने मैदानात पाय आपटलेला माणूस पानटपरीवरसुद्धा सावधानमध्ये उभा राहतो. चहाचे पैसे द्यायला खिशात हात घालतो तेवढंच काय ते वेषांतर, असं आमचे एक जुने हवालदार म्हणायचे. नव्या मुलीला पथकातला एखादा मुरलेला माणूस निघायच्या आधी पायापासून डोक्यापर्यंत बघतो आणि आधी बूट बदलायला लावतो, हा प्रसंग दुसऱ्या प्रकरणात घाला. गुरू-शिष्याचं नातं त्यात आपोआप येईल, त्यासाठी संवाद लिहावे लागणार नाहीत.

बतावणी कुठली द्यायची? लातुरात सोपं आहे. ट्यूशन एरियात हजारो मुलं-मुली खोल्या शोधत, मेस शोधत फिरतात. पाठीवर सॅक टाकली की विशी-बाविशीची मुलगी त्यात विरघळून जाते. सीमेकडच्या गावात ते चालणार नाही. तुम्ही तिला आशा कार्यकर्ती केलंय, ते काढा. गावाला आपली आशाताई नावानिशी माहीत असते, नवी आली तर बायाच तपासणी करतील. आणि समजा जमलं, तरी ते करू नये असं माझं मत आहे. उद्या खरी आशाताई दारात आली तर लोक तिच्याकडंही संशयानं बघतील. पीक विम्याचा सर्व्हे, टॉवरची दुरुस्ती, जमिनीची खरेदी, ही सोंगं चालतात, पण प्रत्येकाचं थोडं ज्ञान लागतं.

हाळी-हंडरगुळीच्या जनावरांच्या बाजाराचं उदाहरण घ्या. परक्या माणसाला तिथं गर्दीत मिसळता येतं, कारण कर्नाटक-तेलंगणाचे गिऱ्हाईकही येतात. पथकातल्या एकाला देवणी गाय बघायला आलेला गिऱ्हाईक करून पाठवलं. पण बाजारात भाव तोंडानं होत नाही. दलाल खांद्यावरचा रुमाल पुढं करतो, त्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा-घ्यायचा. वर तोंडानं दोघं भलतंच बोलत असतात. तुमचा माणूस रुमाल बघून गोंधळला आणि "कितीला देता?" म्हणाला, तर दलालाला लगेच कळतं की याला जनावर घ्यायचं नाही. मग हा बघायला काय आलाय, याचा विचार तो करणारच, आणि टोळीतलाच कुणी त्याचा मेहुणा असू शकतो.

कथा कुठल्या महिन्यात घडते तेही तुम्ही लिहिलेलं नाही. खेड्यातल्या पाळतीत ते आधी ठरवावं लागतं. नोव्हेंबरात तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली असते, बांधावरून दोन पावलं आत गेलेला माणूस दिसत नाही. त्याचा फायदा जेवढा पोलिसाला तेवढाच चोराला. जानेवारीत रब्बीची ज्वारी उभी. एप्रिल-मेत काळं रान मोकळं. बांधावरचा माणूस कुठून कुठवर दिसतो, आडोसा म्हणजे एखादी बाभळ नाहीतर मारुतीचं देऊळ. त्यात दुपारी बाहेर कुणीच नसतं, मग तुम्हीच का आहात? टोळी बालाघाटाकडं नेली, धारूर-वडवणीच्या बाजूला, तर हिशेब उलटा होतो. दसरा-दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं, उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. अशा गावात दोन तगडे जवान घरी बसून राहिले तर तेच डोळ्यावर येतात. म्हणून फरार माणूस बऱ्याचदा ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावरच जातो, मजुरांच्या कोप्यांच्या गर्दीत. तिथं त्याला शोधायचं तर मुकादमाशी संबंध असलेला खबऱ्या हवा.

खबऱ्याला तुम्ही दोन पानांत उरकलंय आणि शेवटी मारलंय. मारू नका, थ्रिलरमध्ये खबऱ्या मरतो हे आता वाचकालाही पाठ झालंय. त्याला जिवंत ठेवून जास्त त्रास देता येतो. खबऱ्या पैशासाठी येतो असं नसतं, त्याची स्वतःची काही भानगड असते: भावकीतला वाद, टोळीनं न दिलेला हिस्सा, ठाण्यात अडकलेली मोटारसायकल. बातमी खरी असते, पण ती आत्ताच का आणली, हे शोधणं अधिकाऱ्याचं काम. कागदावर तो कायम 'गुप्त बातमीदार' असतो आणि बातमी कुठून मिळाली हे सांगायची सक्ती कोर्टही पोलिसाला करत नाही. नायिकेला त्याचं नाव पथकातले लोकही सांगणार नाहीत. ज्याच्या बातमीवर ती दोन दिवस उन्हात बसली तो माणूस कोण हे तिला कळतच नाही, असं ठेवून बघा.

बसणं कसं असतं तेही लिहा, कारण तुमच्या मसुद्यात कुणाला भूक-तहान नाही. बाईमाणसाच्या पाळतीतली सगळ्यात मोठी अडचण लघवीला कुठं जायचं ही आहे. म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नाही. एप्रिलमध्ये पाणी न पिता आठ तास. पथकातल्या पुरुषांच्या हे लक्षातही येत नाही आणि ती सांगत नाही.

तिथं बसून ती काय करते? बघते आणि लिहून ठेवते. नवा माणूस लिहितो, "दोन संशयित इसम संशयास्पद हालचाली करत होते." याला काही अर्थ नाही. "10.40, लाल पॅशन, नंबर प्लेटवर माती, चालवणारा डाव्या पायानं लंगडतो, मागच्याच्या हातात कीटकनाशकाचा रिकामा डबा, पत्र्याच्या घरात गेले, 11.25 ला एकटाच बाहेर आला, डबा नव्हता." हे लिहिता यायला लागलं की ती तयार झाली. मुरलेला हवालदार तिच्याकडून हेच घोटून घेईल. तुमच्या पथकातला जुना पोलीस मध्यरात्री हिस्ट्रीशीटरांची, म्हणजे पोलीस नोंदीतल्या गुन्हेगारांची, दारं ठोठावतो, ते मात्र जपून. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच पोलिसांच्या अशा रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या आहेत. जुनी सवय म्हणून तो करत असेल तर करू द्या, पण नव्या मुलीला ते खटकलं पाहिजे. तिचा कायदा ताजा आहे.

पाठलाग फार रंगवू नका. टार्गेट सीमा ओलांडून गेला तर पथक मागं जाऊ शकतं, पण तिथल्या ठाण्याला कळवून, त्यांच्या डायरीत नोंद करून काम करण्याची रीत आहे. अटक झाली की 24 तासांत मॅजिस्ट्रेट. आपल्या कोर्टापर्यंत वेळेत आणणं शक्य नसेल तर तिथल्या कोर्टाकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्याकडं आणायची परवानगी. पलीकडच्या ठाण्यातली ती अर्धी रात्र, जिथं रायटर कानडीत लिहितोय आणि आरोपी दोन्ही भाषा समजून गालात हसतोय, मला पाठलागापेक्षा जास्त कथा देणारी वाटते.

शेवट अटकेवर करू का, असंही तुम्ही विचारलंय. करू नका. अटकेच्या रात्री आरोपीनं पोलिसांपुढं सगळं कबूल केलं तरी ते कोर्टात चालत नाही. त्याच्या सांगण्यावरून जी वस्तू निघाली तेवढ्यापुरतंच चालतं. रोकड कडब्याच्या गंजीतून काढली, तर पंच हवेत, आणि 1 जुलै 2024 नंतरच्या कायद्याने झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही हवं. पाळतीत नायिकेने स्वतःच्या मोबाईलवर काही टिपलं असेल तर त्याला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं. या प्रमाणपत्राचा मोठा निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे. 2014 च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही, यावरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुराव्याला आलं, पण मागून मागून प्रमाणपत्र मिळेना. मूळ यंत्र कोर्टात आणत नसाल तर प्रमाणपत्र हवंच, कुणी देत नसेल तर कोर्टाकडून मागवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. तेव्हा ते जुन्या पुरावा कायद्याचं कलम 65 ब होतं, आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 63. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात आणि फाईलची हॅश व्हॅल्यूही लागते, म्हणजे ती बदललेली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा.

तेव्हा शेवट सत्र न्यायालयात करा, दोन-अडीच वर्षांनंतर. नायिकेची एव्हाना किनवटला बदली झालेली, ती रात्रीची एसटी पकडून साक्षीला आली आहे. आरोपीचा वकील पाळतीबद्दल, बतावणीबद्दल काही विचारणार नाही. तो विचारील, "त्या दिवशी ठाण्यातून निघाल्याची तुमची रवानगी किती वाजताची आहे?" मग, "10.40 ला तुम्ही त्या गावात होता म्हणता, रवानगी 10.15 ची आहे, अंतर किती?" म्हणून ती रवानगी कुणी लिहिली, किती वाजता लिहिली आणि त्या सकाळी ठाणे अंमलदाराचं घड्याळ बरोबर होतं का, हे तिसऱ्या प्रकरणातच ठरवून ठेवा.